फर्नांडिस, आर्मिडा

भारतीय नवजात शिशुतज्ज्ञ. मुंबईतील शीवच्या लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयात नवजात शिशुविभागाच्या प्राध्यापक आणि पुढे अधिष्ठाता. आईला दाराबाहेर बसवून नवजात अतिदक्षता पूर्ण होत नाही, हा त्यांच्या कारकिर्दीचा गाभा. गर्दीच्या पालिका रुग्णालयात जंतुसंसर्ग हा अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा मोठा शत्रू असतो आणि पावडरचे दूध त्याला वाट करून देते. म्हणून त्यांनी आयांना विभागात घेऊन बाळाच्या देखभालीत सामील केले आणि २७ नोव्हेंबर १९८९ रोजी आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. पेढीत दान आलेले दूध ६२.५ अंश सेल्सिअसवर ३० मिनिटे तापवतात, लगेच थंड करतात, जंतुतपासणी करून गोठवतात. मग ते नळीने किंवा वाटी-चमच्याने काही मिलिलिटर दिले जाते.

दुसऱ्या बाईच्या दुधातून एचआयव्ही येईल, ही शंका रास्त होती. पण दात्यांची तपासणी आणि हे तापवणे यांमुळे तिला आधार उरत नाही. पावडरच्या दुधावर वजन लवकर वाढते, हा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि तो चाचण्यांत खराही ठरला आहे. मात्र त्याच चाचण्यांत आतडी कुजण्याचा जीवघेणा आजार अशा बाळांत जवळपास दुप्पट आढळला. वजन नंतरही भरून काढता येते, हे लक्षात घेता कौल मातृदुग्धाकडेच जातो.

१९९९ मध्ये ‘स्नेहा’ संस्था स्थापून फर्नांडिस वस्त्यांकडे वळल्या. संस्थेने मुंबईतील ४८ वस्त्यांत घेतलेल्या चाचणीत महिला-गटांच्या बैठकांमुळे नवजात मृत्यू घटल्याचे दिसले नाही. २०१२ मध्ये तो निष्कर्ष जसाच्या तसा प्रसिद्ध झाला. त्यावरून आईवरचा भर चुकला असे ठरत नाही, केवळ बैठका पुरत नाहीत एवढेच ठरते. आईच्या प्रकृतीची काळजी बाळंतपणाच्या कितीतरी आधी घ्यावी लागते, हे धाराशिव जिल्ह्यात स्पष्ट दिसते. तुळजापूर व लोहारा तालुक्यांतील गावांत १,०१० किशोरवयीन मुलींची तपासणी झाली, तेव्हा ८७ टक्के मुली रक्तक्षयी आढळल्या. उद्या कमी वजनाची बाळे जन्माला येण्याचा धोका याच मुलींना अधिक. जिल्ह्यात नवजात विभागाच्या खाटा आणि व्हेंटिलेटर हवेतच. पण या मुलींच्या लोहाच्या गोळ्या आणि सकस आहार हा नवजात अतिदक्षतेचाच खर्च म्हणून मांडला पाहिजे.