ग्रेटा पुलावरची शांतता

साल १८०५. नेपोलियनच्या युद्धांमुळे इंग्रज चित्रकारांना फ्रान्स-इटलीच्या वाटा जवळपास बंद झालेल्या. त्या उन्हाळ्यात नॉर्विचचा २३ वर्षांचा जॉन सेल कॉटमन यॉर्कशायरमध्ये रोकबीच्या मॉरिट कुटुंबाकडे मुक्कामाला गेला. तिथल्या ग्रेटा नदीचे त्याने केलेले जलरंगचित्र आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

एका कमानीचा दगडी पूल, पात्रात मोठाले धोंडे, मागे दाट झाडी आणि संथ पाणी. उजेड-सावली त्याने रेघांनी नव्हे, शेजारी शेजारी ठेवलेल्या सपाट रंगथरांनी वेगळी केली. इतका संयम त्या काळी विरळाच!

परंतु हा पूल आडरानातला नव्हता. लंडनहून उत्तरेकडे जाणाऱ्या घोडागाड्यांचा तो रस्ता होता. पुढे डिकन्सने आपल्या निकोलस निकल्बीला गाडीतून इथेच उतरवले. चित्रात मात्र त्या वर्दळीची धूळ नाही. म्हणूनच निसर्गचित्राला 'तेव्हाचा फोटो' मानून पुरावा म्हणून वापरणे मला धोक्याचे वाटते. इथली शांतता दरीने दिलेली नाही, चित्रकाराने निवडलेली आहे. नॉर्विचला परतल्यावर, १८१० मध्ये, नदी समोर नसताना त्याने हाच देखावा पुन्हा रंगवला. पूल तोच, पाणीही तसेच निवांत.