मास्तरांचा पगार, मास्तरांच्या सुट्ट्या : दीडशे वर्षांचं जुनं भांडण

 

मार्च २०२३ आठवतोय? जुन्या पेन्शनसाठी राज्यातले सरकारी कर्मचारी आणि शिक्षक १४ तारखेला संपावर गेले आणि २० तारखेला संप मिटला. त्या आठवड्यात तुमच्या व्हॉट्सॲपवर काय फिरत होतं ते जरा आठवा. 'आम्हाला अर्ध्या पगारात घ्या, आम्ही शिकवतो.' 'चार तास काम, दोन महिने सुट्टी, वर पेन्शन पण पाहिजे.' डीएड, बीएड करून वर्षानुवर्षं भरतीची वाट बघणारी पोरंही हे मेसेज पाठवत होती. त्यांचा राग खोटा नव्हता.

पण हा वाद काही २०२३ चा नाही. मास्तर जेवढं घेतो तेवढं काम करतो का, हा प्रश्न आपल्याकडे दीडशे वर्षांहून जुना आहे. आणि तो सगळ्यात टोकदारपणे कुणी विचारला असेल तर महात्मा फुल्यांनी.

फुल्यांचा 'विद्याखात्यातील ब्राह्मण पंतोजी' हा पोवाडा १८६९ सालचा. तेव्हा शेतकऱ्याकडून शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा 'लोकल फंड' म्हणून वसूल व्हायचा आणि त्यातला काही हिस्सा शाळांवर खर्च व्हायचा. फुल्यांची तक्रार साधी होती. पैसा कुणब्याचा, पगार पंतोजीचा, आणि कुणब्याचं पोर वर्गाच्या दारात. ज्याच्या घामातून पगार निघतो त्याच्याच मुलाला मास्तर शिकवत नाही, मग पगार कशाचा? थोडक्यात, 'आमच्या टॅक्सच्या पैशातून' हे वाक्य तेव्हापासूनचं आहे. फक्त तेव्हा ते ज्याच्या तोंडी होतं त्याच्याकडे दुसरा पर्याय नव्हता. आज हे वाक्य जे सगळ्यात जोरात बोलतात त्यांची मुलं बहुतेकदा इंग्लिश मीडियमच्या खासगी शाळेत असतात. असो.

आता गंमत बघा. हेच फुले १९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर कमिशनपुढे आपलं निवेदन मांडतात. पंतोजींवर एवढा कोरडा ओढणारा माणूस मास्तरांचे पगार कापा असं म्हणेल असं वाटतं ना? त्यांनी उलट मागितलं. प्राथमिक शाळेच्या शिक्षकाला महिना १२ रुपयांपेक्षा कमी देऊ नका आणि मोठ्या गावांत १५-२० रुपये द्या, असं त्यांनी सुचवलं. शिक्षक प्रशिक्षित हवा आणि शक्यतो शेतकरी समाजातून आलेला हवा, नांगर धरायला लाज न वाटणारा. त्याला शेतीचं आणि आरोग्याचंही थोडं ज्ञान हवं. आणि ज्याची जास्त मुलं पास होतील त्याला पगाराव्यतिरिक्त खास भत्ता द्यावा.

'पगाराव्यतिरिक्त' हा शब्द लक्षात ठेवा. कारण त्याच काळात इंग्रज सरकारची आवडती आयडिया नेमकी उलटी होती.

ती आयडिया इंग्लंडमधून आली. १८६२ साली रॉबर्ट लो नावाच्या मंत्र्याने तिकडच्या अनुदानित शाळांसाठी नवा नियम आणला. नाव 'पेमेंट बाय रिझल्ट्स', म्हणजे निकालावर पैसे. इन्स्पेक्टर येणार, एकेका पोराची वाचन, लेखन आणि गणितात परीक्षा घेणार. सहा वर्षांवरच्या पोरामागे शाळेला आठ शिलिंग मिळू शकायचे, आणि पोरगं ज्या विषयात नापास होईल त्या प्रत्येक विषयामागे दोन शिलिंग आठ पेन्स कापले जायचे. लोचं पार्लमेंटला सांगणं असं, की ही पद्धत एकतर स्वस्त पडेल, नाहीतर कार्यक्षम ठरेल. दोन्हीकडून सरकारचा फायदाच.

झालं काय? मास्तरांनी मुलांकडून धडेच्या धडे पाठ करून घेतले, कारण इन्स्पेक्टर तेच विचारणार. ज्या विषयाला पैसे नाहीत तो विषय मागे पडला. हुशार पोरगं पास होणारच, म्हणून त्याच्याकडे दुर्लक्ष. मठ्ठ पोरगं नापासच होणार, म्हणून त्याच्याकडेही दुर्लक्ष. मॅथ्यू अर्नोल्ड हा मोठा कवी स्वतः शाळा तपासनीस होता. यातून शिकवणं यांत्रिक होतंय, असं तो वर्षानुवर्षं ओरडत राहिला. तरी ही पद्धत इंग्लंडमध्ये तीसहून जास्त वर्षं टिकली. मुंबई इलाख्यातल्या अनुदानित शाळांनाही तिची चव मिळाली, आणि हंटर कमिशनने तर प्राथमिक शाळांसाठी तिची शिफारसच केली. शेवटी कर्झनच्या काळात, १९०४ च्या शिक्षणविषयक ठरावात, ही पद्धत सोडून द्यायचं ठरलं.

म्हणजे 'मास्तरांना परफॉर्मन्सवर पगार द्या' हा प्रयोग ऑलरेडी झालेला आहे, मंडळी. दोन देशांत झालाय. पुढच्या वेळी कुणी ही आयडिया नवीन म्हणून सांगायला लागला तर त्याला १८६२ हे साल सांगा.

आता फुल्यांच्या निवेदनातली एक गोष्ट मुद्दाम मागे ठेवली होती. मला ती सगळ्यात इंटरेस्टिंग वाटते. शिक्षकाची गावात पत वाढावी म्हणून ते सुचवतात की त्याला गावगाड्यात सामील करून घ्या. गावचा जमाखर्च तपासणं, दस्तनोंदणी, पोस्टमास्तरकी, स्टॅम्पविक्री ही कामं त्याला द्या. म्हणजे आज ज्याला आपण अशैक्षणिक कामं म्हणून शिव्या घालतो, ती फुल्यांनी मास्तरांसाठी मागितली होती! यामागचा विचार समजून घ्यायला हवा. गावात कुलकर्ण्याच्या हातात लेखणी, म्हणून सत्ताही त्याच्याच हातात. तीच लेखणी शेतकऱ्याच्या घरातून आलेल्या मास्तरच्या हातात आली की गावातला तोल बदलतो. ते काम म्हणजे ओझं नव्हतं, अधिकार होता.

पोस्टमास्तरकी तर खरंच आली. गावच्या शाळेतला मास्तर हाच ब्रँच पोस्टमास्तर, हे चित्र खेड्यापाड्यांत पुढे कित्येक वर्षं होतं. पण काळ गेला तसा अधिकार निघून गेला आणि काम तेवढं उरलं. जनगणना आली, निवडणूक आली, मतदार याद्या आल्या. १९९५ पासून पोषण आहार आला, आणि तांदळाच्या पोत्यांचा हिशेब मास्तरच्या वहीत गेला. कोविडमध्ये शिक्षक रेशन दुकानावर आणि चेकपोस्टवर उभे होते. सरकारला गावात एक माणूस पाहिजे असतो जो लिहू शकतो, पळून जात नाही आणि नाही म्हणू शकत नाही. तो माणूस शाळेत सापडतो.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ ने याला बांध घातला. दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला दुसरं अशैक्षणिक काम देऊ नका. वाचायला छान आहे. पण निवडणुका म्हटल्या की त्यात यादी, पुनरीक्षण, घरोघर फिरणं सगळंच येतं, आणि ऑनलाइन माहिती भरणं तर कुणी 'काम' म्हणून मोजतच नाही.

बरं, आता हिशेबाला बसू. 'चार तास काम' हे कुठून आलं? याच कायद्याच्या परिशिष्टातून. पहिली ते पाचवी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन. भागिले, आले चार तास. सहावी ते आठवीला २२० दिवस आणि १००० तास, म्हणजे साडेचारच्या आसपास. पण त्याच परिशिष्टात पुढची ओळ आहे, जी फॉरवर्डमध्ये कधीच येत नाही. शिक्षकाचा आठवडा तयारीसकट ४५ तासांचा. सहा दिवसांचा आठवडा धरला तर २०० दिवस म्हणजे साधारण ३३ आठवडे, म्हणजे जवळपास १५०० तास. थोडक्यात, पोरांसमोर ८०० तास उभं राहायला मागे ७०० तास लागतात हे कायद्याने गृहीत धरलंय. ते ७०० तास तयारीत जातात की तांदळाच्या हिशेबात, हा खरा प्रश्न. काही जण ते कुठेच घालवत नाहीत, घरी जातात. असे शिक्षक तुम्हीही पाहिलेत, मीही पाहिलेत.

सुट्ट्यांकडे या. सुट्टी ही इंग्रजांनी आणली असं सरसकट म्हणता येत नाही. आपल्या पाठशाळांत अमावास्या, पौर्णिमा, अष्टमी, चतुर्दशीला अनध्याय असायचाच. रविवारची सुट्टी मात्र वेगळी. ती मुंबईच्या गिरणी कामगारांना नारायण मेघाजी लोखंड्यांच्या चळवळीमुळे १८९० मध्ये मिळाली, आणि हे लोखंडे फुल्यांचे सत्यशोधक सहकारी. मे महिन्याची सुट्टी उन्हाची. म्हणून तर विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात.

राज्यातला नियम असा की शाळेच्या वर्षभराच्या सुट्ट्या ७६ च्या वर जायच्या नाहीत. यात उन्हाळा, दिवाळी, सणवार सगळं आलं. ३६५ मधून ५२ रविवार आणि ७६ सुट्ट्या वजा करा, उरतात २३७ दिवस. आता सरकारी ऑफिसातला कारकून घ्या. २९ फेब्रुवारी २०२० पासून त्याला पाच दिवसांचा आठवडा आहे. १०४ शनिवार-रविवार गेले, उरले २६१. सार्वजनिक सुट्ट्या साधारण २० धरा, उरले २४१. आणि त्यावर त्याला वर्षाला ३० दिवसांची अर्जित रजा मिळते, जी साठवता येते आणि निवृत्तीच्या वेळी रोख करून घेता येते. शिक्षक 'दीर्घ सुट्टी विभागा'त मोडतो, म्हणून पूर्ण सुट्टी भोगली की ही रजा त्याला तशी मिळत नाही. म्हणजे मास्तरची सुट्टी ही फुकटची खिरापत नसून रजेच्या बदल्यात आहे. हां, कारकुनाचा दिवस शाळेपेक्षा लांब असतो, हे मान्य करायलाच पाहिजे. आणि लग्नासाठी नोव्हेंबरमध्ये दहा दिवस हवे असतील तर मास्तरची अडचण होते, हेही.

मग पगार? डिसेंबर १९७७ ते फेब्रुवारी १९७८ या काळात राज्य कर्मचारी आणि शिक्षकांनी ५४ दिवसांचा संप केला, केंद्राइतका महागाई भत्ता मिळावा म्हणून. त्या पिढीच्या लढ्यातून कायम शिक्षकाला आजचा बरा पगार आला. सातव्या वेतन आयोगात प्राथमिक शिक्षकाचं मूळ वेतन २९,२०० पासून सुरू होतं, वर भत्ते. पण याच दाराने आत आलेला नवा माणूस आधी तीन वर्षं 'शिक्षण सेवक' असतो. त्याचं मानधन कित्येक वर्षं महिना ६,००० होतं, २०२३ पासून १६,००० झालं. वर्ग तोच, पुस्तक तेच, मुलं तीच.

आणि त्याच्याही खाली विनाअनुदानित शाळेतला शिक्षक. २००१ मध्ये सरकारने 'कायम विनाअनुदानित' हे धोरण आणलं, २००९ मध्ये त्यातला 'कायम' शब्द काढला. शब्द गेला, पण अनुदान यायला पुढे वर्षं लागली, आणि तेही टप्प्याटप्प्याने. या माणसांनी उमेदीची वर्षं नाममात्र पैशांत किंवा बिनपगारी शिकवण्यात घालवली. सुट्टीत कुणी शेतावर गेलं, कुणी क्लास घेतले. मे महिन्याची सुट्टी त्यांना कधीच लांब वाटली नसेल असं नाही, पण वेगळ्या कारणाने.

त्यामुळे 'शिक्षकांचा पगार जास्त आहे का' असं कुणी विचारलं की मी आधी विचारतो, कोणत्या शिक्षकाचा? एकाच स्टाफरूममध्ये एकाच किटलीतला चहा पिणाऱ्या तिघांचे तीन पगार आहेत. फुल्यांनी १८८२ मध्ये किमान आकडा मागितला होता, ज्याच्या खाली कुणीच जाऊ नये असा. संपाच्या आठवड्यात अर्ध्या पगारात यायला तयार असलेली ती पोरं अजून भरतीची वाट बघतायत, आणि त्यांना मिळणारी पहिली ऑर्डर शिक्षण सेवकाचीच असेल.

तुमच्या घरात कुणी शिक्षक असतील तर त्यांचा पहिला पगार किती होता आणि कोणत्या साली, हे विचारून आम्हाला कळवा. भेटू पुढच्या भागात.