पॅकेट विमानाची लघुप्रतिकृती

भारतीय हवाई दलाच्या फेअरचाइल्ड सी–११९ ‘पॅकेट’ या मालवाहू विमानाची, पॉलिस्टायरीनच्या सुट्या भागांपासून जोडलेली प्रमाणबद्ध प्रतिकृती. या विमानासाठी १:७२ हे प्रमाण सोयीचे असून इटालेरी या इटालियन कंपनीचा संच त्याच प्रमाणातला आहे. मूळ विमानाच्या पंखांचा विस्तार ३३.३० मी. आणि लांबी २६.३७ मी. असल्याने तयार प्रतिकृती सुमारे ४६ सेंमी. रुंद व ३७ सेंमी. लांब होते. भारतीय पॅकेटची खरी ओळख म्हणजे पाठीवर बसवलेले तिसरे, जेट इंजिन. त्याचा धागा थेट बंगळूरशी जुळतो.

मूळ विमान : अमेरिकेत १९४७ साली उडालेले हे विमान भारतात १९५४ पासून आले. ३,५०० अश्वशक्तीची दोन पिस्टन इंजिने, त्यांच्यामागे शेपटापर्यंत गेलेल्या दोन लांब दांड्या आणि मधल्या खोक्यासारख्या धडाला मागे उघडणारी दारे, अशी त्याची रचना होती. लडाखच्या विरळ हवेत पिस्टन इंजिनांची शक्ती घटे. उतरण्यापेक्षा पुन्हा उड्डाण करणे अवघड जाई. त्यासाठी धडाच्या वर जेट इंजिनाचा पॉड बसवण्यात आला. सुरुवातीला त्यात अमेरिकी वेस्टिंगहाउस जे–३४ इंजिन होते, पुढे बंगळूरला बनणारे ऑर्फियस आले. वालचंद हिराचंद यांनी १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने बंगळूरला काढलेल्या विमान कारखान्याचाच पुढे हिंदुस्तान एरोनॉटिक्स (एचएएल) झाला. तेथे १९५७ साली स्थापन झालेल्या इंजिन विभागात ऑर्फियस परवान्याखाली बनत असे. नॅट आणि मारुत ही लढाऊ विमानेही याच घराण्यातील इंजिनांवर उडाली. जुलै १९६२ मध्ये स्क्वाड्रन लीडर सी. के. एस. राजे यांनी सुमारे ५,०६० मी. उंचीवरील, लडाखमधील दौलत बेग ओल्डी येथे पॅकेट उतरवले. बांगलादेश युद्धात ११ डिसेंबर १९७१ रोजी टांगाईल येथे छत्रीधारी सैनिक उतरवण्यातही पॅकेटचा वाटा होता.

जोडणी : पहिला कसोटीचा टप्पा दोन दांड्यांचा. पंखाचा मधला भाग दांड्यांकडे खाली झुकतो आणि बाहेरचा वर चढतो. त्यात किंचित फरक पडला, तरी दोन्ही दांड्यांना जोडणारे आडवे शेपूट तिरके बसते. म्हणून गोंद लावण्याआधी पंख, दांड्या व शेपूट कोरडेच जुळवून मागून पाहतात. दुसरा प्रश्न तोलाचा. विमान नाकाच्या चाकावर उभे राहायचे असते, पण वजन मागे जास्त भरते. चालककक्षाखाली आणि इंजिनांच्या आवरणांत, मुख्य चाकांच्या पुढे, शिशाचे तुकडे चिकटवून तोल साधावा लागतो. धड बंद झाल्यावर ही दुरुस्ती जवळजवळ अशक्य होते.

पॉड : संचात पॉड नसल्यास तो घडवावा लागतो. ऑर्फियसचा व्यास सुमारे ८२ सेंमी., म्हणजे १:७२ मध्ये ११ मिमी.हून थोडा जास्त. आवरण त्याहून जाड हवे. प्लॅस्टिकच्या नळीला पुढे गोलसर मुख आणि मागे निमुळती नळी जोडून, सांधे पुटीने बुजवून व पॉलिश पेपरने घासून तो तयार होतो. धडाच्या मध्यरेषेवर, पंखाच्या वरच्या बाजूस तो सरळ बसला पाहिजे. पुढून पाहताना रेषभर कललेला पॉडही लगेच नजरेत भरतो.

रंगकाम : उघड्या ॲल्युमिनियमचा भास आणण्यासाठी चकचकीत काळ्या अस्तरावर धातुरंगाचे पातळ थर फवारतात आणि काही पत्रे किंचित वेगळ्या छटेचे ठेवतात. बंगळूरच्या पावसाळी महिन्यांतील दमट हवेत लॅकर पांढुरके पडू शकते; कोरडा हिवाळा या कामाला उत्तम. चिन्हांचे डिकल कोमट पाण्यात भिजवून सरकवतात. १९५० नंतरच्या चक्रचिन्हात बाहेर केशरी, मध्ये पांढरे व आत हिरवे वर्तुळ असते.

संदर्भासाठी दिल्लीच्या पालम येथील हवाई दल संग्रहालयात आयके४५० क्रमांकाचे पॅकेट उभे आहे. बंगळूरमध्ये २००१ साली सुरू झालेल्या एचएएल वारसा केंद्रात कारखान्याचा इतिहास व त्याने बनवलेली विमाने पाहता येतात. प्रतिकृती कोणत्या काळातली, हे आधी ठरवूनच काम सुरू करावे. पॉडविना पूर्ण केलेली प्रतिकृती पॅकेटच्या भारतातील सुरुवातीच्या वर्षांची ठरते. लडाखच्या धावपट्ट्यांवरचे विमान दाखवायचे, तर पॉड हवाच.