तक्रार वहीपासून स्वराज्यापर्यंत

दरवर्षी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा मंडळाचा आग्रह असतो. मी डिप्लोमा करून रेल्वेत लागलेला इंजिनिअर. इतिहासाचा पंडित नव्हे. पण ज्या रुळांच्या देखभालीवर आपली घरे चालतात, त्या रुळांचा स्वातंत्र्यलढ्याशी फार जवळचा संबंध आहे. तोच येथे थोडक्यात मांडतो.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, हे आपल्या मुलांनाही पाठ असते. त्यामागचा करार मात्र क्वचित कोणी सांगतो. रेल्वे बांधणाऱ्या इंग्रज कंपन्यांना सरकारने जमीन फुकट दिली आणि भांडवलावर ५ टक्के परताव्याची हमी दिली. नफा कमी पडला, तर तूट हिंदुस्थानच्या तिजोरीतून, म्हणजे रयतेच्या करातून भरायची! खर्च कितीही फुगला तरी कंपनीचा फायदा पक्का, असे टेंडर आज आपल्यापैकी कोणी मंजूर करील काय? सरकारचे माजी अर्थसदस्य मॅसी यांनीच १८७२ साली पार्लमेंटच्या समितीपुढे कबूल केले, की व्याजाची हमी मिळाल्यावर पैसा हुगळीत फेकला काय किंवा विटा-चुन्यात घातला काय, भांडवलदाराला सारखेच होते.

सुरुवातीच्या नेत्यांनी या अन्यायाचा हिशेब मांडला. दादाभाई नौरोजींनी आकडेमोड करून दाखवले, की १८६७-६८ च्या सुमारास हिंदी माणसाचे सरासरी उत्पन्न वर्षाला अवघे २० रुपये होते, आणि व्याज, पगार, पेन्शन अशा वाटांनी देशाचे धन इंग्लंडला वाहून जात होते. १८७० साली पुण्यात सार्वजनिक सभा निघाली. १८८५ साली मुंबईत ७२ प्रतिनिधी जमले आणि काँग्रेस जन्माला आली. या सर्वांचा भरवसा अर्जावर होता. स्टेशनवर तक्रार वही असते ना, तसेच ते. साहेबाला हिशेब नीट दाखवला की तो सुधारणा करील, अशी त्यांची समजूत होती.

परंतु वहीत नोंद होत गेली, उत्तर समाधानकारक येईना. १८७६-७८ च्या दुष्काळात लाखो माणसे अन्नावाचून गेली आणि त्याच काळात बंदरांतून धान्य परदेशी जात राहिले. रूळ होते, गाड्या होत्या. पण धान्य भुकेकडे न जाता भावाकडे गेले. दोष यंत्राचा नव्हता, मालकाचा होता.

दुसरे पाऊल सामान्य माणसाने उचलले. मे १८९९ मध्ये जी. आय. पी. रेल्वेच्या सिग्नलर मंडळींनी पगार, कामाचे तास आणि नोकरीच्या अटी यांसाठी संप केला. टिळकांच्या ‘केसरी’ने आणि ‘मराठा’ने त्यांची बाजू लावून धरली. त्यांच्यासाठी निधी मुंबईत तर जमलाच, पण बंगालमध्येही जमला! मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. एका कंपनीच्या तारबाबूंचे गाऱ्हाणे दुसऱ्या प्रांताला आपले वाटले, तेव्हाच ते देशाचे गाऱ्हाणे झाले. १८९३ पासून टिळकांनी ज्या सार्वजनिक गणेशोत्सवाला चालना दिली, त्यानेही हेच केले. वेगवेगळ्या घरांतली माणसे एका मांडवाखाली आणली.

१९०५ साली बंगालची फाळणी झाली आणि स्वदेशीचा वणवा पेटला. पुढच्याच वर्षी ईस्ट इंडियन रेल्वेवर संप झाले, आणि त्याच १९०६ साली कलकत्त्याच्या अधिवेशनात अध्यक्ष दादाभाईंनी ‘स्वराज्य’ हा शब्द उच्चारला. चाळीस वर्षे हिशेब मांडणाऱ्या वृद्धाने अखेर ठरवले, की आता वहीच आपल्या हाती हवी. १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा मुंबईचे गिरणी कामगार सहा दिवस कामावर गेले नाहीत. त्या संपात पगारवाढीची मागणी नव्हती.

आता आपल्या खडगपूरकडे येऊ. नागपूर-विदर्भाकडून आपल्यापैकी बरेचजण ज्या लाइनीने इकडे आलो, ती बंगाल नागपूर रेल्वेची. १९२७ साली कामगारकपातीविरुद्ध येथील वर्कशॉपमध्ये मोठा संप झाला. सविनय कायदेभंगाच्या काळात बंगालचे तुरुंग अपुरे पडले, म्हणून १९३० साली जवळच हिजलीला बंदिछावणी उघडण्यात आली. १६ सप्टेंबर १९३१ रोजी तेथे पोलिसांनी निःशस्त्र बंद्यांवर गोळ्या झाडल्या. संतोषकुमार मित्र आणि तारकेश्वर सेनगुप्त हे दोघे हुतात्मे झाले. त्यांचे देह नेण्यासाठी स्वतः सुभाषबाबू आले होते. याच इमारतीत १९५१ साली देशातली पहिली आय. आय. टी. सुरू झाली.

बंगाल नागपूर रेल्वे १९४४ मध्ये सरकारच्या ताब्यात आली आणि तीन वर्षांनी ते सरकारच आपले झाले. आज तक्रार वहीत प्रवासी जे लिहितो, त्याचे उत्तर द्यायला लंडनचा कोणी संचालक नाही, आपणच आहोत. स्वातंत्र्याचा हा अर्थ मला कामावर रोज आठवतो.

दसऱ्याच्या सुट्टीत मुलांना घेऊन एकदा हिजलीला अवश्य जा. त्या दोघांची नावे त्यांना सांगा.

गणपती बाप्पा मोरया!