रतनपूरचा पुत्रशोक

छत्तीसगडात बदलून आलेल्या मराठी माणसास येथील भोसल्यांच्या अमलाचा अभिमान वाटतो, आणि तो गैर नाही. सुपेल्याच्या आम्हा कारकून मंडळींतही हा विषय वरचेवर निघतो. परंतु हा मुलूख प्रथम मराठ्यांच्या हाती कसा आला, ती हकीकत कोणी सांगत नाही; तिच्यात पराक्रमाला फारसा वाव नाही, हेच कारण असावे.

साल 1741. रघूजी भोसले त्रिचनापल्लीच्या मोहिमेत गुंतले होते. त्यांचे दिवाण भास्करराम कोल्हटकर, म्हणजे भास्करपंत, फौजेनिशी रतनपुरावर आले. गादीवर हैहयवंशी रघुनाथसिंह होता. बिलासपूरचे सेटलमेंट अधिकारी चिझम यांच्या 1868 च्या अहवालात पुढील प्रसंग आहे. राजा साठीचा होता. वर्षभरापूर्वी त्याचा एकुलता एक मुलगा वारला, आणि तेव्हापासून त्याने राज्यकारभारातून मनच काढून घेतले होते. शत्रू तटाला भिडला तरी त्याने हालचाल केली नाही. तोफांनी वाड्याचा काही भाग ढासळला, तेव्हा राजाने नव्हे, त्याच्या एका राणीने तटावर पांढरे निशाण चढविले. पंतांनी लाख रुपये दंड बसविला, आणि सातशे वर्षांचे राज्य मांडलिक झाले.

चिझमसाहेबांनी हे सव्वाशे वर्षांनंतर लिहिले. एतद्देशीय राजे दुबळे दाखविण्याची इंग्रजी खोडही जमेस धरावी. तरीही आम्हास एक गोष्ट लक्षणीय वाटते. पराभवाला कारण म्हणून येथे फितुरी सांगितलेली नाही, फौजेची उणीवही नाही. मुलाचा मृत्यू सांगितला आहे. बापाच्या दुःखाला राज्य बुडविण्याइतके वजन देणारी ही हकीकत आम्हास खोटी वाटत नाही.

त्याच सुमारास पुण्याच्या पेशवे घराण्यावरही असाच घाला पडला होता. 28 एप्रिल 1740 रोजी, चाळिशीही न गाठलेले बाजीराव नर्मदाकाठी रावेरखेडीस तापाने गेले. डिसेंबरात चिमाजी आप्पा गेले. दोन्ही मुलगे एकाच वर्षात गमावून राधाबाई मागे राहिल्या. पण तेथे वस्त्रे घ्यावयास नानासाहेब उभे होते. रघुनाथसिंहाचा तोच आधार तुटला होता.

पंतांचा शेवटही अवचितच झाला. 31 मार्च 1744 रोजी बंगालच्या अलीवर्दीखानाने त्यांना मानकऱ्यास तहाच्या बोलण्यासाठी डेऱ्यात बोलाविले आणि सरदारांसह कापून काढले. हा विश्वासघात आमच्या पुस्तकांत सविस्तर येतो, आणि यावाच. रतनपूरच्या म्हाताऱ्याला मात्र त्यांत एखादी ओळ मिळाली तर मिळाली.

पुढे 1758 पासून रघूजींचे पुत्र बिंबाजी रतनपुरास राहून कारभार पाहू लागले. त्यांनी टेकडीवर बांधलेले रामाचे देऊळ पाहावयास आमची मंडळी आवर्जून जातात. पडका किल्ला त्याच गावात आहे. देवळाची पायरी उतरल्यावर तासभर तिकडेही जावे.