औषध होते, हक्क नव्हता

महाडचा सत्याग्रह शिकवताना मी विद्यार्थ्यांना एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो. १९२७ साली चवदार तळ्यात पाणी होते. तळे सर्वांना खुले असल्याचा नगरपालिकेचा ठरावही होता. नव्हता तो आमच्या माणसांचा ओंजळ भरण्याचा हक्क. हाच धडा मला पुढे दक्षिण आफ्रिकेच्या इतिहासात भेटला.

१९९६ च्या सुमारास एड्सवर तीन औषधांचा एकत्रित उपचार सिद्ध झाला. अमेरिका-युरोपात मृत्यू झपाट्याने घटले. पण एका रोग्याचा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरांच्या घरात होता आणि बहुसंख्य रोगी सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत होते. रोग एकच, जगण्याचा परवाना मात्र देश पाहून! १९९७ साली दक्षिण आफ्रिकेने स्वस्त औषधांसाठी कायदा केला, तर १९९८ मध्ये औषध कंपन्या पेटंटच्या नावाने कोर्टात गेल्या.

फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने तीन औषधांचा असाच उपचार वर्षाला ३५० डॉलरांत देऊ केला. भारताच्या १९७० च्या कायद्याने औषध बनवण्याच्या पद्धतीवर पेटंट मानले होते, खुद्द औषधावर नव्हे. म्हणून हे शक्य झाले. म्हणजे ती अवाढव्य किंमत औषधाची नव्हती, मालकीची होती.

१९९८ मध्येच दक्षिण आफ्रिकेत ‘ट्रीटमेंट अ‍ॅक्शन कॅम्पेन’ उभी राहिली होती. रोगी स्वतः रस्त्यावर उतरले. एप्रिल २००१ मध्ये ३९ कंपन्यांनी खटला मागे घेतला. पण आता स्वतःचेच सरकार टाळाटाळ करू लागले. आईकडून बाळाला होणारी लागण रोखणारे औषध सरकारी दवाखान्यांत मिळावे, यासाठी २००२ साली घटनात्मक न्यायालयाचा आदेश आणावा लागला.

आणि आपण? ज्या देशात हे स्वस्त औषध बनले, तेथील गरीब रोग्याला सरकारकडून ते मोफत मिळू लागले एप्रिल २००४ पासून. २००५ मध्ये आपल्याही कायद्यात खुद्द औषधावरचे पेटंट आले.

श्रीमंत देशांनी दया दाखवावी, असे म्हणणाऱ्यांशी माझे भांडण आहे. वरून ओतलेले पाणी आमच्या आज्या-पणज्यांनी प्यायलेले आहे. त्याने तहान भागते. मान मात्र खालीच राहते.