एक सेंटचा अखबार आणि जोलोचा डोंगर

१५ फेब्रुवारी १८९८ च्या रात्री हवाना बंदरात उभ्या असलेल्या 'मेन' या अमेरिकी युद्धनौकेवर प्रचंड स्फोट झाला. अडीचशेहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. कॅप्टन सिग्सबी यांनी लगेच वॉशिंग्टनला तार केली आणि पुढचा अहवाल येईपर्यंत जनतेने मत बनवू नये, अशी विनंती तीत केली. ज्याची माणसे डोळ्यांदेखत गेली होती, तो थांबा म्हणत होता.

न्यूयॉर्कचे अखबार थांबायला तयार नव्हते. विल्यम रँडॉल्फ हर्स्टचे 'जर्नल' आणि जोसेफ पुलित्झरचे 'वर्ल्ड' यांच्यात एक सेंटच्या अंकासाठी जीवघेणी चढाओढ चालली होती. पिवळ्या डगल्यातल्या पोराच्या चित्रमालिकेवरूनही दोघे भांडले. 'पीत पत्रकारिता' हा शब्द तिथूनच आला. १७ तारखेला 'जर्नल'ने निकाल देऊन टाकला: हे शत्रूचे काम! जहाजाखाली सुरुंग कसा पेरला, त्याचे चित्रही छापले आणि गुन्हेगार दाखवणाऱ्याला पन्नास हजार डॉलरचे इनाम लावले. खप दहा लाखांपुढे गेला.

क्युबात स्पेनचा जुलूम खोटा नव्हता, हे इथे सांगितले पाहिजे. जनरल वेलरने खेड्यापाड्यांतली माणसे छावण्यांत कोंडली होती आणि ती भुकेने, रोगाने किड्यामुंग्यांसारखी मरत होती. खरी खबर पुरेशी भयंकर होती. तरी १८९७ मध्ये 'जर्नल'ने एका बोटीवर स्पॅनिश पुरुष क्युबन तरुणीची विवस्त्र झडती घेत असल्याचे चित्र छापले. झडती बायकांनी घेतली होती, हे नंतर प्रतिस्पर्धी 'वर्ल्ड'ने उघड केले. "तुम्ही चित्रे पाठवा, युद्ध मी पुरवतो," अशी तार हर्स्टने आपल्या चित्रकाराला केल्याची गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. तिचाही पुरावा सापडत नाही. सनसनाटीविरुद्धचा आपला सर्वांत आवडता किस्साच बहुधा सनसनाटी आहे!

एकट्या अखबारांनी युद्ध घडवले, असे मला वाटत नाही. बाजारपेठा हव्या असलेले व्यापारी होते, समुद्रापार सत्ता हवी असलेले पुढारी होते. अखबारांनी केले ते एवढेच, की थांबायला सांगणारा माणूस भेकड किंवा गद्दार वाटू लागला. मार्चअखेर नौदलाच्या चौकशीने सुरुंगाचा निष्कर्ष काढला. तो कोणी लावला, हे मात्र सांगितले नाही. एव्हाना ते विचारणार कोण? एप्रिलमध्ये युद्ध पुकारले गेले.

आपल्या वाचकांना या कहाणीचा पुढचा भाग सहसा कोणी सांगत नाही. डिसेंबर १८९८ च्या पॅरिस तहात दोन कोटी डॉलरच्या मोबदल्यात स्पेनने फिलिपिन्स अमेरिकेला देऊन टाकले. त्यात मिंडानाव आणि सुलू ही मुसलमानांची बेटेही गेली. स्पेनला ती तीन शतकांत पुरती जिंकता आली नव्हती. अंदलुसच्या मुसलमानांवरून स्पॅनिशांनी या लोकांना 'मोरो' म्हटले होते. ना त्यांनी 'मेन' पाहिले होते, ना हवाना.

१८९९ मध्ये सुलूच्या सुलतानाशी करार झाला. १९०४ मध्ये अमेरिकेने तो एकतर्फी मोडला. कर लादले गेले. मार्च १९०६ मध्ये जोलो बेटावरच्या बुद दाजो या विझलेल्या ज्वालामुखीच्या विवरात बायकामुलांसह आसरा घेतलेल्या मोरोंवर तोफा चालल्या. सरकारी आकडा सहाशेचा होता. इतर अंदाज हजारापर्यंत जातात. अमेरिकेचे वीसएक सैनिक पडले. मोहिमेचा प्रमुख जनरल लेनर्ड वुड हा क्युबाच्या युद्धात घोडेस्वार स्वयंसेवकांचा कर्नल होता आणि त्याचा तेव्हाचा दुय्यम अधिकारी थिओडोर रूझवेल्ट आता राष्ट्राध्यक्ष होता. त्याने वुडचे अभिनंदन केले. अखबारांनी थोडे दिवस गवगवा केला, मग विषय मागे पडला. खंदकातल्या प्रेतांच्या ढिगाभोवती उभ्या असलेल्या सैनिकांचे छायाचित्र आजही पाहायला मिळते. ते कोणा चित्रकाराने कल्पनेने काढलेले नाही.

'मेन'ची चौकशी पुढेही होत राहिली. १९११ मध्ये पुन्हा सुरुंगाचाच निष्कर्ष निघाला. १९७६ मध्ये अमेरिकी नौदलाचे ॲडमिरल रिकओव्हर यांनी कागदपत्रे आणि छायाचित्रे तज्ज्ञांकडून तपासून घेतली. स्फोट बाहेरून झाला नसावा. जहाजातल्याच कोळशाच्या कोठारात आग लागून शेजारचा दारूगोळा पेटला असावा, असे त्यांचे मत पडले. बुद दाजोला तेव्हा सत्तर वर्षे झाली होती.